एकाने जास्त

१

हिनेक सालाबा वीज तोडण्याचे काम करतो, असे त्याची आई शेजाऱ्यांना सांगत असे, आणि ते फारसे चूक नव्हते. ब्र्नो शहरातल्या एका जुन्या लोकरगिरणीच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, एक संगणक झाकणे काढून टेबलावर ठेवलेला होता. त्याच्या वीजपुरवठ्यावर एक रिले बसवलेला होता, आणि तो दिवसातून तीनशे वेळा, कोणत्याही क्षणी, पूर्वसूचना न देता ‘टक’ असा आवाज करून वीज तोडत असे. त्यानंतर चाळीस सेकंद काळोख. मग पुन्हा ‘टक’. पंखे घुरघुरू लागत, आणि संगणकाला आता काय काय आठवते आहे याची झडती सुरू होई.

संगणकाची नेहमीची मेमरी वीज जाताच सर्व काही विसरते. या संगणकात बसवलेल्या पट्ट्या विसरत नसत. परंतु न विसरण्यातही एक संकट असते, हे हिनेक अकरा वर्षांत पुरते शिकला होता. संगणकाचा प्रोसेसर हा हातात कागदांचा गठ्ठा धरून चालणाऱ्या घाईच्या कारकुनासारखा असतो; तो कागद सोयीने, वाटेल त्या क्रमाने खाली ठेवतो. नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, तर निम्मे खाली उतरलेले असते आणि निम्मे हातातच नाहीसे होते. म्हणून शिस्त लावावी लागते: नवे पूर्ण लिहून होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, लिहून झाले, की मगच एका झटक्यात नाव जुन्याकडून नव्याकडे वळवायचे. ही शिस्त कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसवणे, म्हणजे या न विसरणाऱ्या मेमरीसाठी फाइल सिस्टिम रचणे, हे हिनेकचे काम. तो चौपन्न वर्षांचा होता आणि त्याला झोप पुरत नसे.

त्या खोलीची देखभाल द्राहोमीरा नावाच्या साठीच्या बाई करीत. धूळ नको म्हणून दाराबाहेर बूट काढून आत सपाता घालण्याचा नियम त्यांनी घातला होता, आणि तो कंपनीच्या संचालकालाही चुकत नसे. झडती घेणाऱ्या प्रोग्रामला सगळे ‘तपासनीस’ म्हणत, कारण ट्राममध्ये साध्या कपड्यांत चढणाऱ्या तिकीट तपासनिसासारखा तोही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई आणि मोजत जाई.

“तुमचा हा तपासनीस अगदी माझ्या नवऱ्यासारखा आहे,” द्राहोमीराबाई म्हणत. “मोजतो सगळ्यांना, ओळखत कोणालाच नाही.”

२

या व्यवसायात एक रीत आहे. ज्याने फाइल सिस्टिम रचली, त्याला स्वतःचा संसार तिच्यावर ठेवून दाखवावा लागतो. जो आपल्या बांधलेल्या घरात राहत नाही, त्याच्या बांधकामावर दुसरे कोणी विश्वास ठेवीत नाही. हिनेकचा संसार म्हणजे त्याची आई ओतिलिए. ती त्र्याऐंशी वर्षांची होती आणि तिचे स्मरण काठाकाठाने ढासळत चालले होते. तिच्याकडून जुनी छायाचित्रे ओळखवून घ्यावीत, ती काय सांगते ते ध्वनिमुद्रित करावे, आणि रोज तिला ते ऐकवावे, असे डॉक्टरांनी सुचवले होते. हिनेकने ते सारे एका मोठ्या फाइलमध्ये साठवले आणि तिला ‘घर’ असे नाव दिले. ती फाइल गिरणीतल्या त्या संगणकावर राही. तिच्याकडे जाण्याच्या वाटा दोनच: एक हिनेकच्या नावाच्या फोल्डरमधून, दुसरी ओतिलिएच्या. स्वयंपाकघरातल्या संगणकाच्या पडद्यावर आई बोट टेकवी आणि तिचाच आवाज तिला सांगे, हा माझा भाऊ, ही आमची कॅन्टीन, हा माझा हिनेक.

डॉक्टर आणखीही एक बोलले होते. ज्या दिवशी ती तुम्हाला ओळखणार नाही, त्या दिवसापासून तिला घरी ठेवण्यात अर्थ नाही. टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात जागा धरून ठेवू. हिनेकने मान डोलावली होती. तेव्हापासून त्याचा प्रत्येक दिवस एका प्रश्नाने संपत असे.

लीशेन या उपनगरातल्या एका इमारतीत त्यांचे घर सातव्या मजल्यावर होते. साडेपाचला तो किल्ली फिरवी. आतून, स्वयंपाकघराच्या पन्हाळी काचेच्या दारामागून, आवाज येई.

“कोण आलं?”

“मी, हिनेक.”

“मग सपाता घाल. फरशी गार आहे.”

एवढे ऐकले, की तो दाराच्या चौकटीला पाठ टेकून क्षणभर डोळे मिटी. आणखी एक दिवस मिळाला, असा त्याचा अर्थ असे.

३

नोव्हेंबरच्या मध्यावर, धुके शहरावरून आठवडाभर हलले नव्हते तेव्हा, तपासनिसाने पहिली तक्रार नोंदवली.

प्रत्येक फाइल आपल्याजवळ एक आकडा बाळगते: आपल्याला किती जणांनी धरून ठेवले आहे. आकडा शून्य झाला, की तिला कोणीच धरलेले नाही असे समजून तिची जागा दुसऱ्याला दिली जाते. तपासनीस मुळापासून निघून प्रत्येक दार उघडत जातो, धरणारे स्वतः मोजतो आणि आकड्याशी ताडून पाहतो. ‘घर’ या फाइलचा आकडा दोन असायला हवा होता. तो तीन होता. तपासनिसाला सापडले दोनच.

हिनेकला याचे नवल वाटले नाही. आकडे चुकतात, त्यासाठीच तर वीज तोडायची. त्याने आकडा दुरुस्त केला. रिले वाजला, काळोख झाला, पंखे पुन्हा सुरू झाले. आकडा तीन.

त्याला जे खटकले ते दुसऱ्या दिवशी. खऱ्या दोषाला वस्ती नसते. तो आज या फाइलमध्ये दिसतो, उद्या त्या फाइलमध्ये. त्या संगणकावर चार लक्ष फाइली होत्या आणि तीनशे वेळा वीज तुटली होती. बाकीच्या सर्व फाइलींचे आकडे तंतोतंत होते. चुकत होती ती एकच फाइल, आणि चुकत होती तीही नेहमी एकानेच.

“कोणीतरी धरून ठेवलंय हो तिला,” द्राहोमीराबाई त्याच्या खांद्यावरून पाहत म्हणाल्या.

“मग तो सापडायला हवा होता.”

“सापडायला तो तुमच्या वाटेवर राहत असला पाहिजे, सालाबा. माझी जाऊ तीस वर्षं याच शहरात राहते. मला कुठं सापडते?”

तो हसला, पण ते हसणे त्याच्यापर्यंत पोचले नाही. फिनलंडमधला एक परीक्षक त्याचे काम गाभ्यात घेण्यापूर्वी तपासत होता, आणि तो शब्दांचा कंजूष माणूस होता. त्याने कळवले: कारण सांगा, अथवा चोवीस डिसेंबरच्या दुपारपर्यंत वीज हजार वेळा तुटूनही एकही तक्रार न आल्याचा पुरावा द्या. त्यानंतर वर्षभर कोणतीही नवी गोष्ट घेतली जाणार नव्हती. काम स्वीकारले गेले तर हिनेकला निम्मे दिवस घरून काम करण्याची मुभा मिळणार होती. आई दिवसभर शेजारच्या कोसिनोव्हा काकूंच्या भरवशावर असे, आणि काकूंना ऐकू कमी येई.

४

त्याच आठवड्यात आईने तीन ताटल्या मांडल्या.

ओतिलिएने चाळीस वर्षे एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाने मांडली होती. सहाशे माणसांच्या जेवणात एक ताटली कमी नाही की एक जास्त नाही, हा तिचा अभिमान होता, आणि इतर सारे ढासळले तरी हे तिच्या बोटांत शाबूत होते. म्हणून हिनेक तिसऱ्या ताटलीकडे जरा वेळ पाहत राहिला. ती खिडकीजवळच्या खुर्चीसमोर मांडलेली होती. शेजारी चमचा होता, आणि रुमालाची घडीही होती.

“आई, ही बाबांची का?”

आईने त्याच्याकडे असे पाहिले, जणू खुळा तोच आहे. “बाबा कशाला येतील? त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

“मग कोणाची?”

“जो वर येतोय त्याची.” तिने सुपाच्या पातेल्यात पळी फिरवली. “लिफ्ट नाही घेत. जिन्यानं येतो बिचारा, सावकाश.”

हिनेकने ते समजून घेतले, कारण समजून घेणे हेच त्याचे संध्याकाळचे काम झाले होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरात अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताटली जास्तीची मांडतात. आईचे दिवस एकमेकांत मिसळले होते, म्हणून नाताळ महिनाभर आधी आला होता, एवढेच. ही उपपत्ती त्याला पटली. तो जेवला, आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाठ होईल असा थोडा वळून बसला.

जेवता जेवता आई थांबली. तिच्या या झटक्यांची त्याला सवय होती: चमचा हवेत, नजर स्थिर, जणू आतले कोणी दिवा मालवून गेले आहे. पाच-सात सेकंदांत ती परत येई. त्या दिवशी तो नकळत मोजू लागला आणि चाळिसावर पोचला. मग ताटलीच्या कडेवर तिचा चमचा टेकला, ‘टक’, आणि ती परत आली. तिने प्रथम बोटाने ताटल्या मोजल्या. मग त्याच्याकडे पाहिले, आणि ओळखीचे ते हसू तिच्या चेहऱ्यावर यायला किंचित उशीर झाला.

५

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने तो धरणारा शोधून काढला. तपासनिसाच्या वाटा सोडून त्याने मेमरीचा प्रत्येक कोपरा, वापरातला असो वा मोकळा, सलग वाचायला घेतला. त्याला तीन दिवस लागले. ‘घर’ या फाइलचा पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला होता: एक त्याच्या फोल्डरमध्ये, एक आईच्या, आणि तिसरा मोकळ्या जागेत.

मोकळी जागा म्हणजे जी कोणालाही दिलेली नाही. मेमरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, कोऱ्या विस्ताराच्या मध्यभागी, आठ अक्षरांएवढा मजकूर होता. त्याच्या आधी काही नव्हते आणि नंतरही काही नव्हते. त्याचे नाव नव्हते आणि त्याच्याकडे जाणारी वाट नव्हती. जुना, पुसायचा राहिलेला अवशेष असावा, असा हिनेकने निष्कर्ष काढला. असे अवशेष राहतात. त्याने तो पुसला.

वीज तुटली, आली. मजकूर होता; मात्र त्याच जागी नव्हता. तो शेवटापासून थोडा अलीकडे सरकला होता.

त्याने पुन्हा पुसला. पुन्हा तो अलीकडे आला. हिनेकने कागदावर ती ठिकाणे एकाखाली एक लिहिली, आणि त्यांच्यातले अंतर दर वेळी सारखेच भरते आहे हे त्याच्या ध्यानात आले. कोणी पायरी चढावी, थांबावे, आणि पुढची चढावी, तसे ते होते. कागदाच्या खालच्या टोकाला मुळाची जागा होती, जिथून तपासनीस निघतो आणि जिथे सर्व नावे राहतात. त्याने भागाकार केला. याच चालीने ते चोवीस तारखेच्या सुमारास तिथे पोचणार होते.

एखादी चूक नियमित असेल तर तिला कारण असते, आणि कारण असेल तर ते आपल्याच लिहिण्यात असते. अकरा वर्षे त्याने हेच धरून ठेवले होते. त्याने आपला सगळा मजकूर पुन्हा वाचला. डोळे दुखू लागले तरी दोष मिळाला नाही. खोलीत पंख्यांचा आवाज होता, दाराबाहेर सपातांची रांग होती, आणि खिडकीबाहेर धुके.

“बाहेर कोणाच्या सपाता जास्तीच्या आहेत?” द्राहोमीराबाई आत येत म्हणाल्या. “करड्या, जुन्या. तुमच्याकडं कोणी आलं होतं का?”

त्याने नकारार्थी मान हलवली. तो बघायला उठला तेव्हा रांगेत दोनच जोड रिकामे होते आणि दोन्हींचे मालक ठाऊक होते. बाईंनी खांदे उडवले आणि चष्म्याला दोष दिला.

६

कोसिनोव्हा काकू त्याला मंगळवारी लिफ्टपाशी भेटल्या. त्यांच्या हातात भाज्यांची पिशवी होती आणि सूर तक्रारीचा होता.

“अरे हिनेक, लवकर येणार असशील तर आधी सांगत जा ना. मी उगाच मागच्या खोलीत बसून राहते.”

आपण लवकर कधी आलो, असे त्याने विचारले. त्याला दोनदा विचारावे लागले, दुसऱ्यांदा मोठ्याने.

“काल. परवा. तीन वाजता किल्लीचा आवाज आला, तुझी आई म्हणाली कोण आलं, तू म्हणालास मी. मग मी आपली निघाले मागच्या खोलीतून. माझी मालिका असते तीनला.”

“तुम्ही मला पाहिलंत, काकू?”

“पाहायचं काय त्यात? सपाता घातल्यास, स्वयंपाकघरात गेलास. दमलेला वाटलास. पायच सांगतात रे, माणूस किती दमलाय ते.”

लिफ्ट आली. काकू आत शिरल्या. हिनेक म्हणाला, की मी जिन्याने येतो. चौथ्या मजल्यावर तो थांबला, कारण आपल्या पावलांच्या मागे आणखी एक पाऊल पडते आहे असे त्याला वाटले. तो थांबताच तेही थांबले. प्रतिध्वनी असाच असतो. मात्र तो मागून न येता वरून येत होता, आणि वर चढणाऱ्या माणसाचा वाटत होता.

काकूंना ऐकू येत नाही, हे त्याने स्वतःला तीन मजले सांगितले. जिला लिफ्टची घंटा ऐकू येत नाही, तिला मागच्या खोलीतून किल्लीचा आवाज कसा आला, हे स्वतःला विचारायचे त्याने टाळले.

“कोण आलं?”

“मी, हिनेक.”

“परत?” आई म्हणाली.

७

वीस तारखेला त्याने जे केले, ते त्याच्या व्यवसायातला कोणीही दमलेला माणूस करतो. त्याने धरणाऱ्याचा शोध थांबवला आणि आकड्याला वठणीवर आणायचे ठरवले.

यापुढे वीज परत आली, की फाइल सिस्टिमने स्वतःच मुळापासून चालत जावे, धरणारे मोजावेत, आणि आकडा जुळत नसेल तर कोणालाही न विचारता तो आपल्या मोजणीप्रमाणे बदलावा, असे त्याने लिहिले. सगळा बदल अकरा ओळींचा होता.

द्राहोमीराबाईंनी त्या ओळी वाचल्या. त्या प्रोग्राम लिहीत नसत. परंतु तीस वर्षे असल्या खोल्या सांभाळल्यामुळे त्यांना वाचता सगळे येई.

“न विचारता?”

“दर वेळी ‘हो’च म्हणायचं असेल, तर विचारायचं कशाला?”

“आणि आकडाच खरा असला तर?”

“जे प्रत्यक्ष चालून मोजलं, ते खरं. आकडा म्हणजे नुसती आठवण, बाई. आठवणीवर विसंबायचं नाही, हा पहिला धडा.”

“तुम्ही चालता ते तुमच्या दारापासून,” बाई म्हणाल्या. “जो तुमच्या दारातून आत आलाच नाही, त्याला तुम्ही कसा मोजणार? बरं, तीन जणांनी धरलंय आणि तुम्ही दोनच म्हणालात. सुटणार कोण?”

हिनेकला उत्तर ठाऊक होते. ते असे, की फाइल सिस्टिमला कोण धरतो याच्याशी कर्तव्य नसते, किती धरतात याच्याशीच असते; आकडा दोन असेल तर दोघांना जागा मिळते आणि जो उरेल, मग तो कोणीही असो, तो सुटतो. त्याने ते सांगितले नाही. तो म्हणाला, “तिसरा नाहीच आहे. म्हणून कोणी सुटणार नाही.”

त्याने हजाराची मोजणी लावली. रिले वाजला. चाळीस सेकंद ती खोली इतकी शांत होती, की दाराबाहेर कोणी बूट काढून ठेवल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. बाईंनी दार उघडून पाहिले आणि लावून घेतले.

आकडा दोन. सापडले दोन. तक्रार नाही.

८

तेवीस तारखेला टेबलावर दोनच ताटल्या होत्या.

हिनेक दारातच थांबला. पाच आठवड्यांनी त्या टेबलावर योग्य तेवढ्या ताटल्या दिसत होत्या, आणि त्याला एकदम इतके दमल्यासारखे वाटले, की त्याने भिंतीला हात टेकला. तर मग सगळे जुळले होते. तिकडे आकडा बसला, इकडे आईही सावरली. या दोन गोष्टींचा संबंध लावणे खुळेपणाचे होते, पण आज तेवढा खुळेपणा त्याने स्वतःला माफ केला. न्हाणीघरातल्या टबमध्ये उद्याच्या नाताळच्या जेवणासाठी आणलेला जिवंत मासा पाणी उडवत होता. बटाट्याच्या सॅलडचा वास येत होता.

बसल्यावर त्याच्या लक्षात आले, की त्याच्यापुढे ताटली नाही. एक आईसमोर होती, दुसरी खिडकीजवळ. बोटांतली सवय, तो स्वतःशी म्हणाला. त्याने हात लांब करून खिडकीजवळची ताटली स्वतःपुढे ओढून घेतली.

आईने त्या ताटलीकडे पाहिले, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे. शरमलेल्या यजमानिणीने पाहावे तसे तिचे ते पाहणे होते. तिने त्याच्यापुढे पावाची टोपली सरकवली. सारे जेवण तिने त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही. दारात शिरताना तिने काय विचारले होते, हे हिनेक आठवू लागला, आणि तिने काहीच विचारले नव्हते हे त्याला आठवले.

जेवण झाल्यावर तो उठू लागला तेव्हा खिडकीजवळची खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरलेली होती. ताटली ओढून घेताना धक्का लागला असेल. खुर्ची त्याने आत सारली. बैठकीला ऊब होती. तिच्यामागेच रेडिएटर होता.

९

चोवीस तारखेला दुपारी हजार पूर्ण झाले. कोसिनोव्हा काकू लेकीकडे गेल्या होत्या. आईला दोन तास एकटे ठेवून हिनेक गिरणीत आला होता, कारण सुट्टीसाठी रिले हाताने बंद करावा लागे आणि पुरावा सहीनिशी पाठवावा लागे. द्राहोमीराबाई कोट घालून तयार होत्या. त्यांनी पडदा वाचून दाखवला: आकडा दोन, सापडले दोन, तक्रार नाही, हजारपैकी हजार.

“कोणते दोन?” त्यांनी विचारले.

“काय?”

“सापडलेले. नावं पाहिलीत का?”

फोल्डर उघडून नावे वाचायला अर्धे मिनिट लागले असते. हिनेकने घड्याळाकडे पाहिले. चार वाजायला आले होते, आणि पहिला तारा दिसला की आई जेवायला बसणार. एकदा जेवण सुरू झाले की कोणी उठायचे नसते. जो उठतो तो पुढच्या नाताळाला नसतो, असे ती लहानपणापासून सांगत आली होती.

“दोन म्हणजे दोन, बाई,” तो म्हणाला, आणि पुरावा पाठवून दिला.

त्याने रिले बंद केला. अखेरचा ‘टक’ झाला. बाहेर आल्यावर त्याला आपले बूट पटकन सापडले नाहीत; ते रांगेबाहेर, पाहुण्यांच्या कोपऱ्यात होते.

ट्राम रिकामी होती. धुके अखेर उठले होते, आणि लीशेनच्या वळणावर तारा दिसला तेव्हा उतरून त्याने पावले उचलली. लिफ्ट बंद होती. तो जिन्याने चढला, सावकाश; दर मजल्यावर त्याला थांबावे लागले. बंद दारांमागून चमच्यांचे आवाज येत होते.

किल्ली फिरायला जड गेली, पण फिरली.

“कोण आलं?” आईने विचारले. तिने दाराकडे हाक मारली नव्हती. टेबलापलीकडे बसलेल्या कोणाला विचारावे, तसा तो आवाज हळू होता. हिनेकने तोंड उघडले, आणि तेवढ्यात आतून कोणी दमलेल्या, खालच्या स्वरात दोन शब्द बोलले. आई हसली. ते हसू त्याच्या ओळखीचे होते; गेले महिनाभर ते उशिरा येत होते, आज जराही उशीर झाला नव्हता.

दाराजवळच्या फळीवर त्याच्या सपाता नव्हत्या. त्यांच्या जागी करड्या, जुन्या सपातांचा जोड होता, आत येणाऱ्याला पाय घालता यावेत असा, टाचा दाराकडे करून ठेवलेला. पन्हाळी काचेमागे दिवा होता आणि दोन आकृती होत्या. एक आईची. दुसरी त्याच्या खुर्चीवर, त्याच्याकडे पाठ करून, सुपावर वाकलेली. दिवसभर वीज तोडून आलेला माणूस वाकतो तशी. तिच्या अंगावरचा स्वेटर आपलाच, हे त्याने काचेतूनही रंगावरून ओळखले. ती मान जरा वळू लागली, आणि हिनेकने नजर फरशीकडे वळवली. पुढे कधी कोणी विचारले असते, तर आपण का वळवली हे त्याला सांगता आले नसते.

मोज, त्याचे दमलेले मन म्हणाले. आत दोघे बसले आहेत. आकडा दोन. सापडले दोन.

“आई,” तो म्हणाला. “मी.”

आत चमचा ताटलीवर टेकला. मग आई बोलली, आणि तिच्या आवाजात भरपूर माया होती. परक्या माणसासाठी ती नेहमीच थोडी जास्त ठेवीत असे.

“अहो, आम्हाला उठता येत नाही हो, जेवण सुरू झालंय. या ना, आत या. पाहुण्यांची ताटली मांडलेलीच असते.” ती क्षणभर थांबली. “आणि त्या सपाता घाला. फरशी गार आहे.”

हिनेकने त्यांत पाय घातले. त्या अजून उबदार होत्या.